'पेट सिमेटरी' : कुदळ घेतलीस का, टॉर्च घेतलास का?

आडगावकर

आधीच सांगून ठेवतो, खाली सगळी गोष्ट फुटणार आहे. ज्यांना पुस्तक कोऱ्या मनाने वाचायचंय त्यांनी इथूनच परत फिरा, नंतर माझ्या नावाने खडे फोडू नका.

स्टीफन किंगची ही कादंबरी १९८३ची. मी वाचली यंदाच्या पितृपक्षात. मुहूर्त काढून नव्हे हो. रद्दीच्या दुकानात साठ रुपयांना मिळाली, कव्हरवर मांजर होतं आणि घरात लेकीने पाळलेलं मांजर आहे, एवढंच कारण. वडील जाऊन दीड वर्ष झालंय, वर्षश्राद्ध उरकलंय, म्हणजे मी तसा 'बाहेर आलेला' माणूस आहे असा माझा समज होता.

ज्यांनी वाचली नाही आणि वाचणारही नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात. लुईस क्रीड नावाचा डॉक्टर शिकागोहून मेन राज्यातल्या लडलो या गावी राहायला येतो. विद्यापीठाच्या दवाखान्यात नोकरी. बायको रेचल, पाच वर्षांची एली, रांगता गेज, आणि चर्च नावाचं मांजर. घरासमोरून हमरस्ता, त्यावरून दिवसरात्र खताच्या कारखान्याचे टँकर. रस्त्यापलीकडे जड क्रँडल हा ऐंशी पार केलेला शेजारी. घरामागच्या जंगलात गावातल्या पोरांनी पिढ्यान्‌पिढ्या जपलेलं पाळीव प्राण्यांचं स्मशान. त्याच्याही पलीकडे, वाळक्या ओंडक्यांचा ढीग ओलांडून, दलदल तुडवून गेलं की आणखी एक जागा. तिथे पुरलेलं परत येतं. जसं गेलं तसं येत नाही, पण येतं. आधी मांजर. मग गेज टँकरखाली जातो.

आमचं घर महामार्गापासून दोन गल्ल्या आत आहे. रात्री अकरानंतर ट्रक गिअर बदलतात तो आवाज मला वीस वर्षांत कधी ऐकू आला नव्हता. आता येतो.

पण मला भीती कशाची वाटली ते सांगायला हा धागा काढलाय. लुईस पोराचं थडगं उकरायला निघतो. दुकानातून कुदळ, फावडं, दोर, ताडपत्री असं सामान घेतो. त्या जागी माझ्या मनात 'अरे बाबा, नको' असं यायला हवं होतं ना? आलं भलतंच. कुदळ घेतलीस का, टॉर्च घेतलास का, हातमोजे विसरू नको. मी त्याच्या बाजूने सामान मोजत होतो. रात्री दीडला हे लक्षात आलं आणि पुस्तक मिटून कपाटावर, हात पोचणार नाही असं ठेवलं.

तुमचं काय झालं वाचताना?

कोजागरी

मी अर्ध्यावर सोडलंय. दोनदा. दोन्ही वेळा एकाच जागी, आणि ती जागा गेजची नाही, झेल्डाची आहे.

रेचलची थोरली बहीण. पाठीच्या कण्याचा आजार, घरातल्या आतल्या खोलीत अंथरुणाला खिळलेली. आईवडील बाहेर गेलेले असताना ती जाते आणि घरात असते फक्त आठ वर्षांची रेचल. पळत रस्त्यावर येते, शेजाऱ्यांना वाटतं पोर रडतेय. तिला स्वतःला मात्र वाटतं की आपण हसत होतो.

आमच्या जुन्या नाशकातल्या वाड्यात माजघराला लागून एक अंधारी खोली होती. आजीला पक्षाघात झाला तेव्हा मी नऊ वर्षांची. सहा वर्षं ती तिथे होती. तिचं बोलणं गेलं होतं, उजवा हात चालायचा. काही हवं असलं की फुलपात्र खाटेच्या लोखंडी दांडीवर वाजवायची. टण, टण, टण. आई चुलीपाशी असली की मला पाठवायची. खोलीला वास होता. मी दारात उभी राहून 'काय हवंय' विचारायचे, आत जायचे नाही. आणि ती बघायची.

ती गेली तेव्हा घर रडत होतं आणि माझ्या मनात पहिलं आलं ते 'आता वाजणार नाही'. हे मी आजवर कुणाला सांगितलं नव्हतं. नवऱ्यालाही नाही. इथे टोपणनावाने सांगतेय.

एका अमेरिकन बाप्याला हे कसं कळलं असेल, हा प्रश्न मला भुताहून जास्त छळतो.

जाडा चष्मा

@आडगावकर, धागा उत्तम. थोडी पार्श्वभूमी देतो, कारण ती गोष्टीइतकीच विचित्र आहे.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस किंग मेन विद्यापीठात वर्षभर शिकवायला गेला होता. ऑरिंग्टन गावात भाड्याने घेतलेलं घर अशाच अवजड वाहनांच्या रस्त्यावर. घरामागे गावातल्या पोरांनी केलेलं प्राण्यांचं स्मशान खरोखरच होतं. मुलीचं मांजर त्या रस्त्यावर मेलं, तिथेच पुरलं. मुलगी गॅरेजमध्ये जाऊन देवावर चिडून थयथयाट करत होती, देवाला हवं तर त्याने स्वतःचं मांजर पाळावं, हे माझं आहे, असा तिचा मुद्दा. कादंबरीतल्या एलीच्या तोंडी तो आलाय. पुढे धाकटा मुलगा त्याच रस्त्याकडे धावत सुटला. तो वाचला. पण बापाच्या डोक्यात 'नसता वाचला तर' हे जे घुसलं त्याची ही कादंबरी.

लिहून झाल्यावर त्यालाच ती झेपेना. बायकोलाही आवडली नव्हती. बाड काही वर्षं तसंच पडून राहिलं आणि जुन्या प्रकाशकाचा करार पुरा करायचा म्हणून शेवटी बाहेर आलं. आपल्या पुस्तकांत सगळ्यात भीतिदायक कोणतं विचारलं की तो याचंच नाव घेतो.

थेट या कादंबरीवरचे चित्रपट दोन. १९८९चा मेरी लँबर्टने केला, पटकथा किंगचीच, आणि अंत्यविधीच्या प्रसंगात पाद्री म्हणून स्वतः उभा आहे. २०१९च्या चित्रपटात मुलाऐवजी मुलगी मरते. का बदललं ते त्यांनाच ठाऊक. दोन्ही बघितले नाहीत तरी चालेल.

शीर्षकाबद्दलही एक. मुलांनी पाटीवर स्पेलिंग चुकवून लिहिलंय, तेच कादंबरीचं नाव. मराठीत करायचं तर 'समशान' लिहावं लागेल. प्रुफं तपासणारे ते दुरुस्त करून टाकतील आणि अर्धी भीती तिथेच जाईल.

खडूस वाचक

'पाळीव परान्यांचं समशान'. घ्या, झालं भाषांतर. मानधन पाठवा.

रामकुंडी

पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे, पण घर पंचवटीतलं, आजोबा क्रियेचे गुरुजी. सुट्टीत मी त्यांच्यासोबत घाटावर जायचो, दर्भ आणि तीळ सांभाळायचं काम माझ्याकडे. त्यामुळे ही कादंबरी मला फार वेगळी लागली.

रामकुंडावर सकाळी गेलात तर एकाच वेळी पाचपंचवीस कुटुंबं बसलेली दिसतात. कुणी अस्थी घेऊन आलेलं. तिथल्या पाण्यात अस्थी विरघळतात अशी श्रद्धा आहे, म्हणून महाराष्ट्रभरातून लोक येतात. कुणाचा दहावा. रामाने दशरथाचं श्राद्ध इथे केलं असं सांगतात, म्हणजे सुरुवातच एका मुलाने बापाला निरोप देण्यापासून.

दहाव्याला भाताचे पिंड मांडतात आणि कावळ्याची वाट बघतात. कावळा लगेच शिवला तर ठीक. नाही शिवला की सगळे एकमेकांकडे बघायला लागतात. मग एकेक जण पुढे येऊन हात जोडतो. 'धाकटीचं लग्न आम्ही लावू.' 'आईला अंतर देणार नाही.' 'गावच्या जमिनीचं भांडण मिटवतो.' एकदा एका गृहस्थांनी सगळं बोलून पाहिलं, कावळा जवळ येईना. शेवटी त्यांची बायको पुढे झाली आणि म्हणाली, 'तुमची सायकल विकणार नाही.' आणि आला. मी डोळ्यांनी पाहिलंय. (कावळे तिथे शेकड्यांनी असतात, एखादा कधी ना कधी येणारच, हे मलाही कळतं. @तर्कट यायच्या आत सांगून टाकतो.) अगदीच नाही आला तर दर्भाचा कावळा करून शिववतात. म्हणजे कितीही अडलं तरी निरोप पुरा करायची सोय आहे. माणसाला लटकत ठेवत नाहीत.

आजोबांचा एकच दंडक होता, उठताना मागे वळून बघायचं नाही. किंगच्या पुस्तकात जड लुईसला ओंडक्यांच्या ढिगावरून नेतो तेव्हा काय बजावतो आठवतंय? थांबू नको, खाली बघू नको. मी ते वाचलं आणि अंगावर काटा आला. सूचना त्याच, फक्त दिशा उलटी. इथे सोडून येताना मागे बघायचं नाही, तिथे आणायला जाताना खाली बघायचं नाही.

तर्कट

आलो बरं का.

रामकुंडी, सायकलची गोष्ट छान आहे, ती मी नाकारत नाही. पण धागा कर्मकांडाच्या जाहिरातीकडे घसरू नये. माझ्या मावशीचा मुलगा गेला त्यानंतरच्या दोन वर्षांत तिला किमान दहा जणांनी 'पितृदोष आहे, अमुक विधी करा, तमुक पूजा राहिली' म्हणून गाठलं. दुःखातला माणूस म्हणजे उघडं दार. कुणीही आत येतो.

आणि म्हणूनच मला पुस्तकातला सगळ्यात भयंकर माणूस जड क्रँडल वाटतो. वाईट नाही हं तो. उलट असा शेजारी मिळावा. संध्याकाळी व्हरांड्यात बिअर पाजतो, पोराला मधमाशी चावली तर धावत येतो, बायकोवर जीव आहे. पण वाट त्यानेच दाखवली. मांजर मेलं तेव्हा लुईस त्याला साध्या खड्ड्यात पुरून मोकळा झाला असता. हा म्हणाला, चल, एक जागा दाखवतो. का? तर पोरीला वाईट वाटू नये म्हणून. आणि पुढे स्वतःच कबूल करतो की गुपित माहीत असलं की ते कुणाला तरी दाखवावंसं वाटतंच. त्या जागेला माणसं लागतात, आणि माणसं आणून देणारा माणूसही लागतो.

आपल्याकडे 'एकदा तिकडे जाऊन तर या, गुण येतो' म्हणणारे असतात ना, सगळे असेच प्रेमळ असतात.

रामकुंडी

मान्य. आजोबांना घाबरवून पैसे काढणाऱ्यांची चीड होती. ते म्हणायचे, आपण निरोप्ये, वैद्य नाही.

डॉ. खोकला

महामार्गालगतच्या एका रुग्णालयात अपघात विभागात बरीच वर्षं काढली. नाव नको. त्यामुळे या पुस्तकातलं पास्कोचं प्रकरण मी श्वास रोखून वाचलं. नोकरीच्या पहिल्याच दिवशी गाडीने उडवलेला विद्यार्थी आणतात, डोक्याची अवस्था बघूनच डॉक्टरला कळतं. बाकीचे स्टाफवाले धावपळ करतायत आणि तो मनातल्या मनात हिशोब करतोय की हा किती मिनिटं. ते अगदी तसंच असतं.

लोकांच्या नजरेतून एक गोष्ट सुटते. पहिल्या अर्ध्या भागात मरणाबद्दल सगळ्यात शहाणं बोलणारा माणूस लुईसच आहे. मुलगी विचारते तर नीट समजावतो, मरण नैसर्गिक आहे म्हणतो. रेचलला तो विषयच सहन होत नाही, भांडण होतं. वाचक म्हणून आपण लुईसच्या बाजूने. आणि तोच माणूस पुढे कुदळ घेतो. शहाणपण डोक्यात असतं हो, हातांना कुठे ठाऊक असतं.

नातेवाइकांना सांगायचं काम माझ्याकडे असायचं. 'आम्ही खूप प्रयत्न केले' म्हटलं की बाई रडते, भाऊ भिंतीवर हात मारतो, आणि एक कुणीतरी, बहुधा बाप, अगदी शांतपणे विचारतो, 'पण डॉक्टर, अजून काही?' मुंबईला हलवू का, दुसरं मशीन आहे का, पैशांची काळजी करू नका. मी म्हणायचो, नाही. तो मान हलवायचा आणि पाच मिनिटांनी परत येऊन तेच विचारायचा. त्या 'अजून काही'ला कुणीतरी 'हो, आहे' म्हणालं तर काय होईल? चारशे पानं होतात.

येवलेकर

झेल्डा, जड, पास्को सगळे आले, पतंग कुणीच काढला नाही म्हणून लॉगिन केलं.

आम्ही येवल्याचे. संक्रांतीला तीन दिवस गाव गच्चीवर असतं, भोगी, संक्रांत, कर. फिरकीला आम्ही आसारी म्हणतो आणि ती बाहेरच्या माणसाला धरताही येत नाही. त्यामुळे कादंबरीत बापलेक पतंग उडवतात ते प्रकरण आलं तेव्हा मी खुश. चला, आपला प्रांत. लुईस गेजच्या हातात दोरा देतो, पोराला ओढ लागते, ते बघतं वर आणि खिदळतं. दोन वर्षांच्या पोराच्या हाताला पहिल्यांदा वाऱ्याची ओढ लागते तेव्हा त्याचं तोंड कसं होतं ते मी माझ्या दोन्ही पोरांचं पाहिलंय. बरोब्बर तेच लिहिलंय भावाने.

आणि त्याच परिच्छेदात, मध्येच, आवाज न चढवता तो सांगून टाकतो की या मुलाला आता दोन महिनेही उरलेले नाहीत. पुढे परत पतंग.

मी पान उलटून मागे गेलो, चुकून वाचलं का म्हणून. नाही. ढील देता देता मांजा कापला गेला की हाताला एकदम काहीच लागत नाही ना, पतंग अजून वर दिसत असतो पण दोरा मेलेला असतो, तसं झालं. प्रकरण संपेपर्यंत पोरगं हसतंय, खेळतंय आणि आपल्या हातात मेलेला दोरा.

गुळाची पोळी

येवलेकर, आता संक्रांतीला काय करू मी 😭

माझं मत : अपघातानंतरचं ते स्वप्नाचं प्रकरण. लुईस धावतो, झेप घेतो, गेजचं जाकीट मुठीत येतं, पोर वाचतं. मग ते मोठं होतं, शाळा, कॉलेज, पोहण्यात ऑलिंपिकपर्यंत जातं, आपण पानं उलटतोय, हुश्श करतोय, लेखकाने शेवटी दया केली म्हणतोय. आणि मग ती रक्ताने भरलेली टोपी. मी पुस्तक भिंतीवर फेकलं. लायब्ररीचं होतं. दंड भरला.

खडूस वाचक

सगळे भारावलेले दिसतायत म्हणून विरजण घालतो.

पहिली तीनशे पानं अव्वल, वादच नाही. पण पोर परत आल्यावर काय? हातात शस्त्रक्रियेची सुरी घेतलेलं भूतबाळ घरभर फिरतंय. ते वाचताना मला एकदाही भीती वाटली नाही. उकरून काढेपर्यंतचा बाप हा माणूस होता, पुढे सगळा बाजार. धारप असते तर दाराबाहेर पावलांचा आवाज आणून थांबले असते. मतकरींनी तर तेवढंही केलं नसतं, आईने दोन ताटांऐवजी तीन वाढली एवढ्यावर गूढकथा संपवली असती.

दुसरं, आदिवासींच्या दफनभूमीचा शाप. अमेरिकन भयकथांत हे इतक्यांदा येतं की कंटाळा. ज्यांची जमीन घेतली त्यांच्याच मेलेल्यांना घाबरायचं आणि ते लोक स्वतः पुस्तकात कुठेच नाहीत, फक्त त्यांचं नाव आणि त्यांच्या लोककथेतला माणसं खाणारा वेंडिगो उसना घेतलेला.

जाडा चष्मा

दुसऱ्या मुद्द्याशी पूर्ण सहमत. तिकडेही यावर बरीच टीका झाली आहे.

पहिल्याशी नाही. दाराबाहेरच्या आवाजावर थांबणारी गोष्ट आधीच लिहून झाली होती, डब्ल्यू. डब्ल्यू. जेकब्सची माकडाच्या पंज्याची, १९०२ साली. तिथे दार उघडायच्या आत बाप शेवटची इच्छा मागून मेलेल्या मुलाला परत पाठवतो. किंगने मुद्दाम दार उघडलं. दार उघडल्यावर जे दिसतं ते ओंगळच असणार ना? मला तरी सुरीपेक्षा त्यानंतरचं जास्त लागलं. एवढं सगळं बघूनही लुईस मेलेल्या बायकोला उचलून तिकडेच निघतो. या वेळी उशीर केला नाही, ताजी आहे, म्हणून नीट होईल, असा त्याचा हिशोब. तो हिशोब करणारा आवाज अगदी समजूतदार आहे, चुकलेलं गणित परत मांडणाऱ्या मुलासारखा.

तर्कट

तिसऱ्यांदा पैसे भरणारे बघितलेत मी. 'या वेळी मुहूर्त चुकला होता म्हणून गुण आला नाही.' तोच आवाज.

निफाडची द्राक्षं

मी सहसा वाचतेच, लिहीत नाही. रामकुंडी यांचा प्रतिसाद वाचल्यापासून तीन दिवस लिहू की नको चाललंय.

दादा, तुम्ही म्हणता निरोप पुरा करायची सोय आहे. मोठ्या माणसांसाठी आहे. लहान मुलाला आपल्याकडे जाळत नाहीत. पुरतात. त्याचा दहावा नाही, पिंड नाही, कावळा नाही. गेज दोन वर्षांच्या आसपासचा. तो आमच्या गावचा असता तरी जमिनीतच गेला असता.

माझ्या आधीचा एक भाऊ होता. सव्वा वर्षाचा असताना तापाने गेला. बाबा आणि चुलते त्याला घेऊन गेले, ओढ्याच्या काठाला पुरून आले. आईला नेलं नाही, बायकांना नेत नव्हते. परत आल्यावर अंघोळी झाल्या आणि सांजेला गाई धारेला आल्या. आजीने आईला सांगितलं, वर्षभरात मांडी भरेल, रडू नको. मांडी भरली, ती मी.

घरात त्याचा फोटो नाही. एक कुंची आहे. हिरव्या खणाची, कडेला मोत्यांची सर, त्यातले चार मोती गेलेले. ट्रंकेत तळाशी, आईच्या लग्नातल्या शालूखाली. दरवर्षी दिवाळीच्या आवराआवरीत ती ट्रंक उपसायची, कुंची उन्हात ठेवायची आणि परत घालायची. आम्ही कुणी काही विचारायचं नाही असा न बोलता ठरलेला नियम. ती कुंची कुणाची हे मला चौदाव्या वर्षी चुलतीकडून कळलं. ओढा नंतर पुराने दोनदा पात्र बदलून गेला. जागा बाबांनाही दाखवता आली नसती.

ही कादंबरी मी नाशिक रोडवरून रोज गाडीने जाताना वाचली. घरी आईने विचारलं, एवढं काय वाचतेस, डोळे का लाल. आई सातवी शिकलेली, आता अडुसष्ट. तिला शेंगा सोलता सोलता गोष्ट सांगितली, म्हटलं एक डॉक्टर आहे, त्याचा मुलगा जातो. सगळी सांगितली, परत आलेलं पोर कसं वाईट निघतं तेसुद्धा. वाटलं म्हणेल, काय अभद्र वाचतेस. ती बराच वेळ काही बोलली नाही. सोलून झालेल्या शेंगा सुपात सारख्या केल्या. मग म्हणाली,

'त्याला जागा तरी ठाऊक होती.'

आणि थोड्या वेळाने, 'मी पण गेले असते गं.'

कोजागरी

ताई.

येवलेकर

🙏

डॉ. खोकला

आज ओपीडीत बसून वाचलं. दोन पेशंट बाहेर थांबवले.

रामकुंडी

ताई, तुमचं बरोबर आहे, आणि मला हे सुचलं नव्हतं. काल घरी फोन केला. आजोबा आता नाहीत, वडिलांना विचारलं की लहान मुलांसाठी काय असतं. ते म्हणाले, शास्त्रात फार काही नाही, पण बायका यायच्या. घाटावर गर्दी ओसरल्यावर, दुपारी. विधी नको म्हणायच्या. द्रोणात थोडं दूध आणि बत्तासा घेऊन पाण्यात सोडायच्या आणि जायच्या. आजोबा त्यांच्याकडून दक्षिणा घेत नसत आणि त्यांचं नावगावही विचारत नसत. आमच्याकडे तीर्थपुरोहितांच्या चोपड्यांत पिढ्यान्‌पिढ्यांच्या यजमानांच्या वंशावळी आहेत, पणजोबांची सही सापडते लोकांना. त्या मुलांची नावं त्यात नाहीत.

निफाडची द्राक्षं

दूध-बत्तासा. आईला सांगते. सांगू का? बघते.

त्याचं नाव मलाही माहीत नाही. विचारलं नाही कधी.

खडूस वाचक

माझा वरचा बाजाराचा शेरा तसाच ठेवतोय, पण शेवटचा भाग पुन्हा वाचायला घेतलाय. नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात प्रत आहे का कुणाला माहीत? १८४०चं वाचनालय, एक किंग तर सापडावा.

गुळाची पोळी

लायब्ररीची प्रत असेल तर तिच्या मागच्या कव्हराचा कोपरा दुमडलेला असेल. मी नव्हते ती.

आडगावकर

धागा कुठून कुठे गेला. सगळ्यांचे आभार, निफाडच्या ताईंचे विशेष. माझी प्रत कपाटावरून खाली काढली आहे, @खडूस वाचक, रविवारी सकाळी शहरात येतोय, हवी असेल तर घ्या. मला घरात नकोय असं नाही, पण लेक आता सहावीत आहे आणि कव्हरवरचं मांजर बघून सारखी मागतेय.

जाता जाता कालची गोष्ट. आमचं भोपळ्या मांजर परवा संध्याकाळी गेलं ते आलंच नाही. लेक रडून झोपली. मी बॅटरी घेऊन हायवेपर्यंत दोन्ही बाजू बघून आलो, बायकोला सांगितलं दूध आणायला जातोय. रात्री साडेदहाला कुठलं दूध, पण तिने विचारलं नाही. काल रात्री पावणेदोनला मागच्या दारावर खरवडल्यासारखा आवाज. उठलो. कडीवर हात ठेवून दोन मिनिटं तसाच उभा राहिलो, खरं सांगतो. मग उघडलं. अंगाला चिखल, एक कान फाटलेला, माझ्याकडे न बघता सरळ आत.

मी त्याला उचलून वास घेतला. सुकटीचा होता, शेजारच्या वहिनींच्या.

तरी लेकीच्या खोलीचं दार रात्रभर लावून घेतलं.

तर्कट

कान फाटलेला आधीपासून होता का?

आडगावकर

झोप रे बाबा.